थांबण्याची विद्या

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, की आमच्या भागातील घराघरांत एकच विषय निघतो. महाविद्यालय बेळगावात, घर खानापूरच्या बाजूला, बसचा भरवसा नाही. तेव्हा मुलाला गाडी घेऊन द्यावी की न द्यावी? परवा असेच एक पालक शाळेत आले. त्यांचा मुलगा सातवीपर्यंत आमच्याच शाळेत होता. खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले, “सर, पोरगा अठरा पुरा झालाय. गाडी पाहिजे म्हणून हटून बसलाय. त्याची आई नको म्हणते. तुम्हीच सांगा, घेऊ की नको?”

कोणाच्या दारात गाडी यावी, हे ठरविण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही. मी उलट विचारले, “त्याला चालवता येते?”

“येते की हो! दोन वर्षं झाली, माझीच चालवतो.”

दोन वर्षांपूर्वी मुलगा सोळा वर्षांचा होता, हे बोलण्याच्या भरात त्यांच्या ध्यानात आले नसावे. ते मी तूर्त सोडून दिले. “आणि थांबवता येते?”

या प्रश्नावर ते हसले. ब्रेक दाबला की गाडी थांबते, त्यात यायचे ते काय, असा त्या हसण्याचा अर्थ होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी कोणी मला हा प्रश्न केला असता, तर मीही असाच हसलो असतो.

२००५ साली माझ्या भाच्याला मी स्वतः मोटारसायकल शिकवली. मला ती माझ्या काकांनी शिकवली होती, त्या काळी मैसूरला तयार होणाऱ्या येझदीवर. क्लच कसा सोडावा, गिअर केव्हा बदलावा, चढावर गाडी कशी उचलावी, हे सारे काकांनी मनापासून दाखवले. थांबण्याविषयीचा त्यांचा उपदेश मात्र दोन वाक्यांत आटोपला: पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटा पडशील, पायाचा ब्रेक आहे, तो पुरे. हा उपदेश मी जसाच्या तसा भाच्याच्या हवाली केला. परंपरा म्हणतात ती अशी चालते.

भाचा त्या वेळी सैन्यभरतीची तयारी करीत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने आमच्याकडील मुलांना त्या गणवेशाची ओढ लहानपणापासून असते. पहाटे उठून तो आठ-दहा किलोमीटर धावत असे. २००७ च्या जानेवारीत एका संध्याकाळी तो गाडीवरून घरी येत होता. एका वळणापलीकडे शेतकऱ्याने मळणीसाठी रस्त्यावर कुळीथ पसरला होता आणि वाहने त्याच्या कडेवर जाऊ नयेत म्हणून भोवती दगड मांडले होते. भाच्याला ते दिसले तेव्हा मध्ये तीस-चाळीस पावले स्वच्छ डांबरी रस्ता शिल्लक होता. तेवढ्या अंतरात पुरेसा वेग कमी करता आला असता. त्याने पायाचा ब्रेक सर्व ताकदीनिशी दाबला. मागचे चाक फिरायचे थांबले, गाडी घसरत कुळथाच्या वेलींवर गेली, आडवी झाली आणि दगडांवर आदळली.

रुग्णालयात मी पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, “मामा, तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. पायाचाच ब्रेक दाबला.” तो तक्रार करीत नव्हता. शिकवलेले विसरलो नाही, एवढेच सांगत होता.

मांडीचे हाड सांधले, पण पाय किंचित आखूड राहिला. भरतीच्या मैदानावर तो पुन्हा गेला नाही. आज त्याचे दुकान चांगले चालते, संसार आहे, आणि त्या संध्याकाळविषयी त्याने मला एका शब्दानेही कधी दुखावलेले नाही. असो. त्यानंतर मी हा विषय जेथे मिळेल तेथे वाचला, जाणत्यांना विचारला आणि पंचेचाळिशी जवळ आली असताना गाडी थांबवायला नव्याने शिकलो.

पुढच्या ब्रेकची भीती अगदीच निराधार आहे असे नाही; ती अर्धवट आहे. धावत्या बसला चालकाने ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे लोटले जातात. मोटारसायकलवरही गाडीचा आणि स्वाराचा भार तसाच पुढे झुकतो. त्यामुळे पुढचे चाक रस्त्याला अधिक घट्ट धरते आणि मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकाला ब्रेकने आवळले की ते नुसते घसरत जाते, गाडी थांबवीत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबविण्याचे निम्म्याहून पुष्कळ अधिक काम पुढच्या चाकालाच करावे लागते. हा ब्रेक घात करतो तो मूठ एकदम हिसक्याने आवळली तर, किंवा हँडल वळलेले असताना अथवा वाळू-चिखलावर जोरात दाबला तर. काकांनी असा कोणी उलटलेला पाहिला असावा, आणि त्या एका दृश्यावरून आमच्या दोन पिढ्यांनी नियम बांधला.

आता शाळेतील काळ आणि वेगाचे गणित घेऊ. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, म्हणजेच सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटरची असते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. संकट दिसून हात-पाय हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात १७ मीटर संपले. दोन्ही ब्रेक नीट वापरणारा स्वार कोरड्या रस्त्यावर त्यापुढे सुमारे २३ मीटरांत थांबतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला जवळपास दुप्पट अंतर लागते. हेच ताशी ४० किलोमीटरला पाहिले, तर विचाराचे ११ आणि ब्रेकचे १० मीटर, असे एकूण २१ मीटर पुरतात. वेग दीडपट केला की थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. पहिल्या एका सेकंदावर उपाय एकच: गर्दीत, वस्तीत, शाळेपाशी उजव्या हाताची दोन बोटे ब्रेकच्या दांड्यावर आधीच टेकवून ठेवावीत.

अमेरिकेतील लॉस एंजलिस भागात हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलींच्या सुमारे ९०० अपघातांच्या जागी जाऊन तपास केला होता. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील रस्ते, गाड्या आणि माणसे आपल्याहून अगदी वेगळी. पण तो वाचताना मला भाच्याची हकीकत वाचतो आहोत असे वाटले. संकट दिसल्यापासून काही करण्यासाठी स्वाराला मिळणारा अवधी बहुधा दोन सेकंदांहूनही कमी होता. बहुतेकांनी मागचा ब्रेक अति दाबून चाक घसरवले आणि पुढचा फारच कमी वापरला. आणि त्यांतील शंभरांपैकी ९२ जण स्वतःच, किंवा घरच्या माणसांकडून अथवा मित्रांकडून गाडी शिकलेले होते. तिकडेही काकाच होते म्हणायचे!

दोन सेकंदांत माणूस विचार करू शकत नाही. अंगवळणी पडले असेल तेच हात-पाय करतात. म्हणून जे करायचे ते संकट नसताना, मोकळ्या जागी, पुन:पुन्हा करून हातांना शिकवावे लागते. वर्दळ नसलेला सपाट, कोरडा, डांबरी रस्ता शोधावा. डोक्यावर शिरस्त्राण, हनुवटीखाली पट्टा बंद, अंगात पूर्ण बाह्या, पायांत बूट. आरंभ ताशी २० किलोमीटरने करावा. सवय झाल्यावर ३०, मग ४०. गाडी सरळ आणि उभी असावी, नजर समोर दूर. आधी पुढचा ब्रेक हलकेच लावावा, जेणेकरून भार पुढच्या चाकावर येईल. मग लिंबू पिळावे तसा तो चढत्या जोराने आवळत न्यावा. पायाचा ब्रेक त्याच्या जोडीला, बेताने. गुडघ्यांनी टाकी धरावी, म्हणजे सारे अंग मनगटांवर येत नाही. क्लच अगदी शेवटी. पुढचे चाक घसरू लागले असे जाणवताच पकड तत्काळ सैल करून पुन्हा हळू लावावी. मागचे चाक घसरून गाडी तिरकी झाली असेल, तर मात्र पाय एकदम उचलू नये. चाक झटक्यात पुन्हा पकड घेते आणि गाडी स्वाराला उलट्या बाजूस फेकते.

नव्या गाड्यांनी हे काम पुष्कळ सोपे केले आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्या यंत्रणेत ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. दांडा हाताखाली थरथरला तर घाबरून सोडू नये, दाबूनच ठेवावा. अनेक गाड्यांत ही सोय केवळ पुढच्या चाकाला असते, तेव्हा गाडी घेताना विचारून घ्यावे. लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांवर मिळून ब्रेक लावणारी सीबीएस यंत्रणा आली. पण आपल्या घरांतून थोरल्याची जुनी गाडी धाकट्याकडे जाते, आणि तिच्यात यांपैकी काहीच नसते.

थांबायला जागा नसेल तर चुकवून जावे लागते. येथे एक गोष्ट प्रथम उफराटी वाटेल. वेगात असलेली मोटारसायकल डावीकडे न्यायची असेल, तर डाव्या मुठीला किंचित पुढे रेटा द्यावा. गाडी डावीकडेच कलते आणि तिकडे जाते. आपण सारे नकळत हेच करीत असतो. जाणून केले तर दोन हातांची जागा क्षणात चुकवता येते. मात्र जोराचा ब्रेक आणि जोराचे वळण एकाच वेळी करू नये. चाकाची रस्त्यावरची पकड ही पगारासारखी ठरावीक असते. ती सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळणासाठी शिल्लक राहत नाही. आधी ब्रेक, मग ब्रेक सोडून वळण, किंवा याच्या उलट. आणि नजर मोकळ्या वाटेवर ठेवावी. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो, हा अनुभव सायकल शिकलेल्या प्रत्येकाला असेल.

आमच्या रस्त्यांवरची संकटे ऋतूंप्रमाणे बदलतात. पहिल्या वळवाच्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन जो राप बसतो, तो भर आषाढातील पावसापेक्षाही निसरडा असतो. ती पहिली अर्धी घटका चहाच्या टपरीत काढणे शहाणपणाचे. पावसाळ्यात खड्डा आणि डबके यांत भेद कळत नाही, म्हणून पुढची गाडी ज्या रेषेतून सुखरूप गेली तीच रेषा धरावी. जांबोटी-कणकुंबीकडून चोर्ल्याच्या घाटात उतरताना धुके असते. तेथे डोळ्यांना दिसते तेवढ्याच अंतरात थांबता येईल इतका वेग, यापलीकडे नियम नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर मी घसरलेले लोक पाहिले आहेत. ओला रूळ तिरका ओलांडला की चाक त्याच्या कडेने सटकते. शक्य तितके काटकोनात, ब्रेक न लावता, गाडी सरळ ठेवून जावे.

पाऊस सरला की मळणी रस्त्यावर येते. शेतकऱ्यावर रागावून काय उपयोग! खळी गेली, आणि वाहनांच्या चाकांखाली फुकट मळणी होते. रस्त्यावर हे पसरणे योग्य नाही, असे आमच्या शाळेच्या सभेत मी सांगितले तेव्हा काहींनी माना डोलावल्या आणि पुढच्या आठवड्यात पसरलेच. तेव्हा स्वारानेच जाणावे की काड, भूस, वाळू, चिखल, सांडलेले डिझेल यांवर ब्रेक चालत नाही. जो वेग कमी करायचा तो त्याच्या अलीकडे, स्वच्छ रस्त्यावर. त्यावर चाक चढण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यायचा आणि हँडल सरळ धरून सावकाश पार व्हायचे. भाच्याला हे ठाऊक असते तर!

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या प्रवासात उसाच्या ट्रॅक्टरची धास्ती. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, बाहेर आलेली उसाची टोके. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात ती ट्रॉली दिसेनाशी होते. अशा वेळी झोताकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे आणि वेग लगेच उतरवावा. दोन क्षण पुढे काहीच दिसत नसेल तर तेथे काहीतरी उभे आहे असेच धरून चालावे.

जनावरांचे म्हणाल तर एकाच्या मागे दुसरे असते, हे विसरू नये. म्हैस गेली, रेडकू राहिले आहे. खानापूरच्या जंगलभागात गवा रस्ता ओलांडताना दिसला, तर पुढे न सरता पुरेसे मागेच थांबून कळप जाऊ द्यावा. हॉर्न वाजवून त्याला बिथरवू नये. चेंडू रस्त्यावर आला की त्याच्यामागे मूल येणारच. कुत्र्याची गोष्ट सांगताना मन कचरते, पण सांगितली पाहिजे. कुत्रा अकस्मात आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक लावावा आणि आयत्या वेळी हँडल हिसकू नये. धडक टळणारच नसेल, तर शेवटच्या क्षणी ब्रेक सोडून हँडल घट्ट व सरळ धरावे. कुत्र्याला वाचविण्यासाठी हिसका देऊन समोरच्या ट्रकखाली गेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. मागे मूल बसले असता हा निर्णय कोणाच्या बाजूने घ्यायचा, ते घरीच ठरवून निघावे.

घरच्या भगिनींसाठी दोन शब्द. मागे एका अंगाला बसल्यावर पदर किंवा ओढणी चाकात जाणार नाही, हे गाडी हलण्यापूर्वी पाहावे. मागच्या चाकावरची जाळी काढून टाकलेली असेल तर ती पुन्हा बसवून घ्यावी, नियमाप्रमाणे ती असायलाच हवी. शिरस्त्राण दोघांनाही हवे, आणि ते आयएसआय चिन्हाचेच. १ जून २०२१ पासून त्याशिवायचे विकणेच बेकायदेशीर आहे. माझ्या परिचयातील एक सद्गृहस्थ ते आरशाला अडकवून हिंडतात. आरशाचे डोके सुरक्षित राहते.

भाचा पडला तेव्हा दोन वाहने थांबून, पोलिसांचे लचांड नको म्हणून पुढे गेली होती. तिसऱ्याने त्याला उचलले. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. सद्भावनेने जखमीला नेणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी बालंट येत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतील कित्येकांपाशी कोणी थांबले असते तर काय झाले असते, हे कोण सांगणार?

त्या पालकांना मी गाडी घ्या किंवा नको, यांपैकी काहीच सांगितले नाही. मुलाचा शिकाऊ परवाना काढा आणि रविवारी सकाळी त्याला घेऊन या, एवढे म्हणालो. गावाबाहेर एक नवा ले-आऊट पडला आहे. रस्ते झाले आहेत, घरे अजून व्हायची आहेत. तेथे आम्ही रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. दोन्ही टोकांना माणूस उभा केला. ताशी ४० च्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावायचा आणि मी पावले मोजायची, असा खेळ.

लहान वेगावर हात बसवून घेतल्यावर मुलगा पहिल्यांदा ४० ने आला. सवयीने पायच दाबला, मागचे चाक किंचाळत घसरले आणि तो सव्वीस पावलांवर थांबला. तासाभरात, दोन्ही ब्रेक चढते लावू लागल्यावर, तो पंधरा पावलांवर येऊ लागला. मग वडिलांना राहवेना. “मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, सर,” असे म्हणून त्यांनी किल्ली घेतली. मी मोजलेली पावले त्यांना पटेनात, म्हणून मुलाने पुन्हा मोजली. सत्तावीस भरली.

ते काही वेळ त्या काळ्या घसरणीच्या रेघेकडे पाहत उभे राहिले. मग टोपी खिशात घालून, मुलाच्या डोक्यावरचे शिरस्त्राण मागून घेत म्हणाले, “परत एकदा बघू. आणि सर, पुढच्या रविवारी याच्या आईलाही आणू काय? तिची स्कूटी आहे.”